अंबर एल: चाखावी कशी, गुण द्यावेत कसे

बिअरच्या यादीत अंबर एल (उबेत आंबवलेल्या बिअरला एल म्हणतात) बहुधा मधेच कुठेतरी असते. वर हलक्या पिवळ्या बिअर, खाली कडवट आयपीए आणि काळी स्टाउट. मधली ही तांबूस बिअर लोक पटकन ओलांडून पुढे जातात. पण बिअर चाखायला शिकायचं असेल तर सुरुवात हिच्यापासूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. आयपीएमध्ये हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) बाकी सगळं झाकून टाकतात, स्टाउटमध्ये काळपट भाजलेला माल्ट (मोड आणलेले जवाचे दाणे). अंबरमध्ये माल्टचा गोडवाही ठळक असतो आणि हॉप्सचा कडवटपणाही, त्यामुळे नवख्यालाही दोन्ही वेगवेगळे ओळखता येतात.

अंबर चांगली की बेतास बात, हे या दोघांच्या तोलावर ठरतं. आणि तो तोल पहिल्या घोटात कधीच कळत नाही. थंडगार बिअरमध्ये जिभेला गोडवा कमी लागतो, वास दबलेले असतात. बिअरची थंडी उतरत जाते तशी ती उलगडते. म्हणून पुढची सगळी पद्धत एकाच हेतूने मांडली आहे: घाई करायची नाही, बिअर जशी बदलेल तसं टिपत जायचं आणि गुण सगळ्यात शेवटी द्यायचे.

एक गोष्ट आधीच सांगतो. महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय २१ आहे, कडक दारूसाठी २५, आणि पिण्याचा परवाना काढावा लागतो. चाखणं म्हणजे थोडंसं पिणं असलं तरी ते पिणंच आहे. त्या दिवशी गाडी घरी ठेवा.

आधी बिअरची ओळख

अंबर एल ही मूळ अमेरिकेची, त्यातही पश्चिम किनाऱ्याची. १९८० च्या दशकात उत्तर कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टन या भागांत छोट्या ब्रुअऱ्या निघाल्या आणि त्यांनी पेल एलपेक्षा गडद, जास्त माल्टी अशी एल बनवायला घेतली. कॅलिफोर्नियातल्या हॉपलंड गावी १९८३ मध्ये सुरू झालेल्या मेंडोसिनो ब्रुइंगची ‘रेड टेल एल’ ही त्यातली सुरुवातीची. या कंपनीत १९९७ मध्ये विजय मल्ल्यांच्या समूहाने मोठा हिस्सा घेतला होता. २०१८ मध्ये ती बंद पडली. फोर्ट ब्रॅगच्या नॉर्थ कोस्टची ‘रेड सील’, अँडरसन व्हॅलीची ‘बूंट अंबर’, मिशिगनची ‘बेल्स अंबर’, टेक्सासची ‘सेंट अर्नोल्ड अंबर’ ही नावं अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना दुकानात दिसली असतील. आपल्याकडे डूलालीने २००९ मध्ये पुण्यात मायक्रोब्रुअरी सुरू केली, त्यानंतर पुणे-मुंबईत अशा जागा वाढल्या. एखाद्या ठिकाणी फलकावर अंबर किंवा रेड एल दिसली तर सरावासाठी तीच मागवा.

हिचा रंग आणि गोडवा मुख्यतः क्रिस्टल माल्टमधून येतो. तो बनतो कसा हे समजून घ्या, म्हणजे पुढे चवी ओळखणं सोपं जाईल. जवाला मोड आणतात. साधा माल्ट मोड आल्यावर वाळवतात. क्रिस्टलसाठी मात्र ओले दाणेच बंद भट्टीत साधारण ६५ ते ७० अंशांवर ठेवतात. त्या उबेत दाण्यातल्या पिष्टाची आतल्या आत साखर होते. मग आच वाढवली की ती साखर दाण्यातच कॅरमल होते. दाणा कापला तर आत काचेसारखा कडक गर दिसतो. या साखरेतला बराच भाग यीस्टला पचत नाही, म्हणून आंबवण झाल्यावरही गोडवा आणि दाटपणा शिल्लक राहतो. माल्ट जितका जास्त भाजलेला तितका त्याचा अंश-लोव्हिबाँडमधला (माल्टचा रंग मोजायच्या मापातला) आकडा मोठा. चाळीसच्या आसपास असेल तर पाकाचा आणि टॉफीचा स्वाद येतो, ऐंशीच्या पुढे गेला तर मनुका, खजूर आणि किंचित करपट साखर.

दुसरी बाजू हॉप्सची. ‘कॅस्केड’ हे वाण १९७२ मध्ये ओरेगनमधून बाहेर आलं आणि अमेरिकी एलचा चेहरा त्याने बदलला. कॅस्केडचा वास ग्रेपफ्रूटचा. ज्यांनी ग्रेपफ्रूट खाल्लेलं नाही त्यांनी पपनस सोलताना हाताला जो वास राहतो तो आठवावा. ‘चिनूक’मध्ये चीड-देवदाराच्या राळेचा उग्रपणा जास्त, ‘सेंटेनियल’मध्ये फुलं आणि लिंबू.

आता थोडे आकडे. बिअर स्पर्धांचे परीक्षक तयार करणारी बीजेसीपी नावाची अमेरिकी संस्था १९८५ पासून आहे. तिच्या निकषांत अमेरिकन अंबर एलसाठी या मर्यादा आहेत: अल्कोहोल ४.५ ते ६.२ टक्के, कडवटपणा २५ ते ४० आयबीयू (कडवटपणाचं माप), रंग १० ते १७ एसआरएम (रंगाचं माप, आकडा मोठा तितकी बिअर गडद). तुलनेसाठी, अमेरिकन आयपीएचा कडवटपणा ४० ते ७० असतो, तर आयरिश रेड एलचा १८ ते २८. म्हणजे अंबर कडू असावी, पण कडूजहर नव्हे.

नावाला मात्र भुलू नका. लेबलवर ‘अंबर’ लिहिलं म्हणजे आत अंबर एल असेलच असं नाही. लुइझियानाची ‘अबिटा अंबर’ ही लागर आहे, म्हणजे थंडीत हळू आंबवलेली बिअर. ‘अलास्कन अंबर’ आल्टबिअर या जर्मनीतल्या तांबूस-तपकिरी बिअरच्या धर्तीवर बनते. मेक्सिकोची ‘दोस एकिस अंबर’ही लागरच. कोलोरॅडोच्या न्यू बेल्जियमची ‘फॅट टायर’ १९९१ पासून तांबूस एल म्हणून गाजली, पण २०२३ मध्ये कंपनीने ती बदलून हलक्या सोनेरी रंगाची केली. या बिअर वाईट नाहीत, पण अंबर एलच्या मापाने त्यांना गुण दिले तर त्यांच्यावर अन्याय होतो.

विकत घेताना

बाटली किंवा कॅन उलटा करून तारीख बघा. ‘बेस्ट बिफोर’पेक्षा बिअर कधी भरली ती तारीख जास्त कामाची. भरल्यापासून तीनेक महिन्यांच्या आतली मिळाली तर उत्तम. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुकानदाराने ती ठेवली कुठे. फ्रिजमधली मागा. शोकेसच्या ट्यूबलाइटखाली किंवा उन्हाच्या तिरपेत मांडून ठेवलेली घेऊ नका, विशेषतः हिरवी किंवा पारदर्शक बाटली असेल तर. प्रकाशाने हॉप्समधली द्रव्यं बिघडतात आणि थेट उन्हात हे काही मिनिटांतच होऊ शकतं. तपकिरी बाटली बराच बचाव करते, कॅन पूर्ण.

ब्रूपबमध्ये (जागेवरच बिअर बनवणाऱ्या बारमध्ये) असाल तर आधी छोटा ग्लास मागा. एका बैठकीत चार बिअर पुरे, आणि प्रत्येकीचे ६० ते ९० मिली. अंबरसोबत आणखी काही चाखायचं असेल तर क्रम हलक्याकडून कडकाकडे: आधी लागर किंवा गव्हाची बिअर, मग अंबर, आयपीए सर्वांत शेवटी. आयपीए आधी प्यायलात तर नंतरची अंबर नुसता साखरेचा पाक वाटेल.

बसण्याआधी

तासभर आधीपासून तिखट, लसूण, पान, तंबाखू, सिगारेट, पुदिन्याची गोळी बंद. अत्तर, डिओ लावू नका, खोलीत उदबत्ती नको. शेजारी फोडणी पडत असेल तर खिडकी लावून घ्या, कारण जिभेइतकंच काम नाकाचं आहे. सर्दी झाली असेल तर बेत पुढे ढकला.

ग्लास नीट धुतलेला हवा, आणि इथे घरोघर गफलत होते. साबणाचा किंवा तुपातेलाचा अगदी पातळ थर राहिला तरी फेस पटकन बसतो. कोमट पाण्याने भरपूर खळबळून, फडक्याने न पुसता उपडा घालून वाळवा. बिअर ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला जागोजागी बुडबुडे चिकटलेले दिसले तर ग्लास स्वच्छ नाही. त्या ग्लासात फेसाला गुण देऊ नका. आकार म्हणाल तर तोंडाशी किंचित आत वळलेला ट्यूलिप ग्लास सर्वांत बरा, वास त्यात कोंडून राहतो. नसेल तर वाइनचा ग्लास घ्या. जाड काचेचा मग मात्र नको.

बिअर फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा. मे महिन्यातल्या मुंबईत पाच-सातही पुरतील. साधारण ७ ते १० अंशांवर सुरुवात करायची. सोबत साधं पाणी आणि बिनलोण्याचा पाव. खारे शेंगदाणे आणि चकली गुण देऊन झाल्यावर.

वही, पेन घ्या. फोनवर लिहिलं तरी चालेल, पण त्या बिअरबद्दल इतरांनी काय लिहिलंय ते आधी वाचू नका. एकदा ‘पपनस’ वाचलं की नाकाला पपनसच सापडतं.

पायरी पहिली: ओतणं आणि पाहणं

ग्लास तिरका धरून निम्मा भरा, मग सरळ करून मधोमध ओता. दोन-अडीच सेंटीमीटर फेस आला पाहिजे. फेस म्हणजे बिअर कमी दिली, असं समजणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही, पण फेसाशिवाय वास वर येत नाही. अंबरचा फेस पांढराशुभ्र नसतो, मळकट सायीच्या रंगाचा असतो. तो किती वेळ टिकतो आणि प्रत्येक घोटानंतर काचेवर जाळी सोडतो का, ते बघा.

रंग पाहायला पांढरा कागद मागे धरा. बारच्या पिवळ्या दिव्याखाली सगळ्याच बिअर अंबर दिसतात. गडद मधापासून तांब्याच्या भांड्यासारख्या लालसर तपकिरीपर्यंत कुठलीही छटा चालते. बिअर बहुधा स्वच्छ असावी. हॉप्स नंतर थंड घातलेले असतील तर थोडा धूसरपणा माफ. रूपाला एकूण पन्नास गुणांपैकी तीनच आहेत (पूर्ण वाटणी पुढे दिली आहे), तेव्हा इथे फार रेंगाळू नका. पण ओतल्याबरोबर नाक मात्र ग्लासापाशी न्या, कारण हॉप्सचा वास सर्वांत आधी उडून जातो.

पायरी दुसरी: वास

लांब श्वास घेऊ नका. आधी ग्लास नाकाखालून नुसता फिरवा. मग जवळ आणून दोन-तीन छोटे हुंगे घ्या. मग ग्लास हलकेच गोल फिरवून, तळहाताने तोंड झाकून, हात काढल्याबरोबर एकदा. मधे दोन श्वास दुसरीकडे घ्या, नाहीतर नाक थकतं आणि काहीच येईनासं होतं. स्वतःच्या शर्टाची बाही हुंगली की नाक पुन्हा ताळ्यावर येतं, ही परीक्षकांची जुनी सवय आहे.

आता वहीत दोनच प्रश्न. माल्ट कुठला? हॉप्स कुठले? नवख्याला इथे अडखळायला होतं, कारण ‘बिअरसारखा वास येतोय’ याच्या पुढे काही सुचत नाही. अशा वेळी स्वयंपाकघरातून सुरुवात करा. गोड वास येतोय तो गुळाचा, काकवीचा, साखरेच्या पाकाचा, की करपायला आलेल्या साखरेचा? त्यामागे पावाची भाजलेली कड आहे का? मोड आणलेली नाचणी सत्त्वासाठी भाजताना येतो तसा खमंग धान्याचा वास आहे का? मनुका, खजूर? हॉप्सकडे वळलात की मोसंबीची साल, पपनस, लिंबाचं पान, राळ, ताजं गवत, फुलं यातलं काय? नेमका शब्द नाही मिळाला तर ‘फळासारखा, आंबट फळ, साल’ असं पायरीपायरीने जवळ जा. घरातल्या वासांच्या आठवणी हाच तुमचा साठा आहे, आणि परदेशी पुस्तकांतल्या यादीपेक्षा तो जास्त भरवशाचा आहे.

वासाला १२ गुण. अंबरमध्ये कॅरमल मध्यम असावं आणि हॉप्स थोडे ते मध्यम. दोन्ही सापडले, स्वच्छ असले, तर ८ च्या वर जायला हरकत नाही. एकच सापडला तर ६-७.

पायरी तिसरी: चव

पहिला घोट जीभ तयार करण्यापुरता, त्यावर मत बनवू नका. दुसरा घोट तोंडभर फिरवा. गोड जिभेच्या शेंड्याला आणि कडू मागे कळतं हा जुना नकाशा खरा नाही, सगळ्या चवी सगळीकडे कळतात. पण बिअर सगळीकडे पोचली पाहिजे हे खरंच. मग गिळा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. घशामागून वर जाणारा हा वास म्हणजे चवीचा मोठा हिस्सा. वाइन चाखणारे थुंकतात, बिअरमध्ये थुंकत नाहीत, कारण गिळल्यानंतर कडवटपणा किती रेंगाळतो हे पाहायचं असतं.

घोटाच्या तीन अवस्था ध्यानात ठेवा. आधी गोडवा येतो. मधे माल्ट आणि हॉप्स एकमेकांवर येतात. गिळल्यावर कडवटपणा वर येतो आणि हळूहळू ओसरतो. चांगल्या अंबरमध्ये कडवटपणा गोडवा पुसतो, आणि पुसून झाल्यावर स्वतःही फार थांबत नाही. तोंड पुढच्या घोटाला तयार होतं. तसं न होता घोटागणिक ओठ चिकट होत गेले, तिसऱ्या घोटाला गोडमिट्ट वाटायला लागलं, तर कॅरमल जास्त झालं आहे. उलट, गोडवा क्षणभर दिसून लगेच नाहीसा झाला आणि राळेचा कडवटपणा मिनिटभर घशाशी राहिला, तर ती लाल रंगाची आयपीए आहे. ती आवडू शकते. पण अंबर म्हणून गुण कमीच.

कडू आणि तुरट यांची गल्लत करू नका. कारलं कडू, जांभूळ तुरट. कडवटपणा ही चव आहे, तुरटपणाने हिरड्या आणि जीभ आखडतात. अंबरमध्ये कडवटपणा हवा. तुरटपणा आला तर बहुधा माल्टची टरफलं फार गरम पाण्यात राहिली किंवा हॉप्स नको तितके घातले, असं समजा.

चवीला २० गुण, म्हणजे सगळ्यात जास्त. हे आत्ता देऊ नका. पेन्सिलीने एक आकडा लिहून ठेवा फक्त.

पायरी चौथी: तोंडातला पोत

पाणचट की भरीव? फसफस जिभेला टोचते की मऊ? अंबर मध्यम ते जरा भरीव असावी, फसफस मध्यम ते जास्त. गिळताना घशात दारूची ऊब जाणवली तर साडेपाच-सहा टक्क्यांच्या बिअरमध्ये ती अगदी हलकी हवी, झोंबायला नको. पाच गुण.

पायरी पाचवी: थांबणं

ग्लास निम्मा असताना खाली ठेवा. पाव खा, पाणी प्या, दहा मिनिटं गप्पा मारा. मग पुन्हा वास आणि पुन्हा घोट.

सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते इथेच, आणि बहुतेक लोक नेमकी हीच पायरी गाळतात. बिअर १२-१३ अंशांवर आली की लपलेलं सगळं वर येतं. कॅरमलमागचा पाव, मनुका, फळं दिसायला लागतात. आणि दोषही. चांगली अंबर या टप्प्यावर आणखी गोल वाटते. कच्ची अंबर इथे उघडी पडते: गोडवा सुटतो, हॉप्स मागे पडतात, बिअर मिळमिळीत होते. पेन्सिलीचा आकडा आता खोडून पक्का लिहा.

दोष ओळखताना

अंबरमध्ये दोष पकडणं फिक्या लागरपेक्षा अवघड आहे, कारण कॅरमल बरंच काही पोटात घालतं. दोन दोषांवर विशेष लक्ष ठेवा.

पहिला डायअॅसिटिल. सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नवरच्या बटरचा, बटरस्कॉचचा वास. यीस्ट हे द्रव्य आंबवताना तयार करतं आणि पुरेसा वेळ दिला तर स्वतःच परत शोषून घेतं. ब्रुअरने घाई केली की ते राहून जातं. बारमधल्या बिअरच्या नळाच्या नळ्या अस्वच्छ असल्या तरीही येतं. अंबरमध्ये ते कॅरमलच्या आड लपतं आणि लोक त्याला ‘मस्त टॉफी’ म्हणून जास्त गुण देतात. ओळखायची खूण अशी: कॅरमलच्या कडेला किंचित करपटपणा असतो आणि ते गिळल्यावर सरतं. डायअॅसिटिल तुपकट असतं, जीभ निसरडी करतं आणि गिळल्यावरही बसून राहतं. काही जणांना ते जवळजवळ कळतच नाही, त्यामुळे सोबतच्या माणसालाही विचारा.

दुसरा शिळेपणा. हवेतला प्राणवायू आणि उष्णता यांनी बिअर म्हातारी होते. फिक्या बिअरमध्ये ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो आणि लगेच कळतो. अंबरमध्ये मात्र शिळेपणा आधी मनुका, शेरी आणि गोडसर मधासारखा येतो, आणि तो समृद्ध वाटून आपण फसतो. इथे हॉप्सकडे बघा. मनुका आहे आणि हॉप्सही ताजे आहेत, तर ती गडद क्रिस्टल माल्टची देणगी. मनुका आहे, हॉप्सचा वास पार मेलेला आहे आणि शेवटी कागदी, कुबट अशी चव राहते, तर बिअर जुनी आहे. आपल्या उन्हाळ्यात गोदामात पडून राहिलेल्या बाटलीत हे फार सापडतं. अशा वेळी गुण कमी द्या, पण बाजूला तारीख लिहा. दोष ब्रुअरचा नसून साठवणुकीचा असू शकतो.

बाकीचे पटकन सांगतो. हिरव्या सफरचंदाचा वास आला तर बिअर पुरती पिकण्याआधीच उतरवली आहे. उकडलेल्या मक्याचा वास असेल तर डीएमएस, म्हणजे माल्टमधून येणारं गंधकाचं द्रव्य. दवाखान्यातल्या औषधी पट्टीचा आला तर बहुधा पाण्यातलं क्लोरीन. जळक्या रबराकडे झुकणारा उग्र दर्प असेल तर बाटलीला ऊन लागलंय. नळाच्या बिअरला आंबूस दह्याची किंवा व्हिनेगरची चव असेल तर नळ्यांत जंतू शिरले आहेत. ती बिअर निःसंकोच परत करा आणि वेटरला शांतपणे कारण सांगा.

गुणांची बेरीज

बीजेसीपीच्या पत्रकात वास १२, रूप ३, चव २०, पोत ५ आणि एकूण ठसा १० असे पन्नास गुण असतात. बिअरअॅडव्होकेट या बिअरला गुण देणाऱ्या संकेतस्थळावरची टक्केवारीही याच प्रमाणात आहे: २४, ६, ४०, १०, २०. अनटॅप्ड या फोनवरच्या अॅपवर पाचपैकी तारे देतात, पाव-पाव ताऱ्याच्या अंतराने. मला पन्नासची पद्धत पसंत आहे, कारण गुण कशात गेले ते दिसतं. नुसत्या पावणेचार ताऱ्यांवरून सहा महिन्यांनी काही आठवत नाही.

‘एकूण ठसा’ म्हणजे आपली आवड नव्हे. मला स्वतःला हॉप्सकडे झुकलेली अंबर जास्त भावते, पण माल्टकडे झुकलेली आणि तरीही कोरडी संपणारी अंबर समोर आली तर तिला पूर्ण गुण दिलेच पाहिजेत. या दहा गुणांत विचारायचं ते असं: ही अंबर एल म्हणून जमली आहे का, दोष किती त्रास देतात, आणि दुसरा ग्लास मागवावासा वाटतो का?

एकूण ४५ किंवा त्याहून जास्त म्हणजे असामान्य, आणि असे गुण क्वचितच द्यावेत. ३८ ते ४४ उत्तम. ३० ते ३७ खूप चांगली. २१ ते २९ चांगली, पण काही तरी कमी. १४ ते २० म्हणजे मोठे दोष. १३ च्या खाली परीक्षक सहसा जात नाहीत. नवखे लोक सगळ्यांना ३५ ते ४० मध्ये कोंबतात. ते टाळायचं असेल तर पहिल्या काही बैठकी एकट्या बिअरला गुण देऊ नका. दोन अंबर शेजारीशेजारी ठेवा, फरक लगेच दिसतो.

नोंद कशी दिसावी याचा नमुना देतो. एका ब्रूपबमधली अंबर, नळाची, साधारण ८ अंशांवर आलेली:

‘वास: काकवी, पावाची कड, मागे मोसंबीची साल, थोडी. दहा मिनिटांनी साल गेली, मनुका आली. कुबट नाही. ८. रूप: तांबूस, स्वच्छ, फेस सायीच्या रंगाचा, जाळी शेवटपर्यंत. ३. चव: सुरुवात पाकासारखी, मधे भाजलेलं धान्य, राळ अगदी किंचित. कडवटपणा येतो, पण गोडवा पुरता पुसत नाही. थंडी उतरल्यावर ओठ चिकट. १३. पोत: भरीव, फसफस मऊ, ऊब नाही. ४. एकूण: स्वच्छ, दोष नाही, पण हॉप्स कमी पडले. एक ग्लास पुरे. ६. बेरीज ३४.’

या नोंदीत ‘छान’, ‘मस्त’, ‘ठीक’ यातला एकही शब्द नाही. आणि गुण कशात गेले हे वाचणाऱ्याला एका नजरेत कळतं.

जिभेची परीक्षा

चार-पाच जण असाल तर तिघाडी चाचणी करा. एकाने आत जाऊन तीन सारखे ग्लास भरायचे, दोनमध्ये एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. बाहेरच्यांनी वेगळा ग्लास ओळखायचा. दोन अंबर घेऊन करा, किंवा एक अंबर आणि एक पेल एल. पेल एल फिकट दिसून गुपित फुटू नये म्हणून डोळे मिटा किंवा दिवे मंद करा. नुसत्या अंदाजानेही सरासरी तिघांपैकी एकाला बरोबर येतं, म्हणून दोन-तीनदा फिरवून बघा.

गटात गुण देताना सगळ्यांनी लिहून झाल्याशिवाय कोणी बोलायचं नाही. चेहराही करायचा नाही, कारण एकाने नाक मुरडलं की बाकीच्यांचे दोन-दोन गुण उतरतात. मग आकडे वाचा. सात गुणांपर्यंतचा फरक परीक्षक चालवून घेतात. त्याहून जास्त असेल तर दोघांनी आपापल्या वह्या समोर ठेवायच्या आणि फरक कुठल्या रकान्यात पडला ते शोधायचं. बहुतेक वेळा तो चवीत सापडतो: एकाला डायअॅसिटिल लागलेलं असतं, दुसऱ्याला तेच कॅरमल वाटलेलं असतं. तेवढ्यासाठी ग्लासात दोन घोट राखून ठेवा, दोघांनी ते पुन्हा चाखून बघा आणि मगच आकडे पक्के करा.